गंभीर गुन्ह्यातला जामीन: अटकेच्या रात्रीपासून जेलच्या दारापर्यंत

जिल्हा कोर्टाच्या व्हरांड्यात रोज कुणीतरी मला एकच गोष्ट सांगत असतं. "वकीलसाहेब, आमचं पोरगं निर्दोष आहे, एवढं जजसाहेबांना पटवून द्या." सांगणारी कधी आई असते, कधी थोरला भाऊ, कधी गावचा पोलीस पाटील. त्यांना मी आधी हेच सांगतो की पोरगं दोषी की निर्दोष, हे आज ठरणार नाही. ते खटल्यात, साक्षीपुरावे झाल्यावर ठरेल आणि त्याला वर्षं लागतील. ती वर्षं त्याने घरी काढायची की जेलात, एवढंच आज ठरायचं आहे. प्रश्न निराळा आहे, म्हणून त्यासाठी लागणारे मुद्देही निराळे आणि कागदही निराळे.

खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार, दरोडा, अमली पदार्थ, मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा) अशी कलमं घरातल्या कुणावर लागली आणि कोर्टाची पायरी पहिल्यांदाच चढावी लागली, तर काय करायचं हे इथे सांगतो. तुमच्या वकिलाच्या सल्ल्याची जागा हा लेख घेऊ शकत नाही. पण वकिलाला काय विचारायचं, हे तरी यातून कळेल.

पहिले २४ तास

अटक झाली की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत पोलिसांनी आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. या वेळात घरच्यांनी तीन गोष्टी मिळवायच्या.

पहिली, एफआयआरची प्रत. गुन्हा नोंदवल्यापासून २४ तासांत एफआयआर संकेतस्थळावर टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. लैंगिक अत्याचार आणि दहशतवादासारख्या संवेदनशील गुन्ह्यांना त्यातून सूट आहे. दुसरी, अटकेची कारणं लेखी. पूर्वी पोलीस तोंडी सांगून मोकळे व्हायचे. मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०२५ च्या निकालानंतर ही कारणं लेखी, अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत आणि कोठडीसाठी कोर्टात हजर करण्याच्या किमान दोन तास आधी द्यायला हवीत. ती दिली नसतील तर पहिल्या रिमांडलाच, म्हणजे कोठडीच्या पहिल्या सुनावणीलाच, वकिलाने हे रेकॉर्डवर आणायचं. तेव्हा गप्प बसून पुढे सहा महिन्यांनी उकरून काढलेल्या मुद्द्याला तेवढं वजन राहत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे रिमांड रिपोर्ट. पोलीस कोठडी का मागत आहेत, हे त्यात लिहिलेलं असतं: हत्यार जप्त करायचं आहे, साथीदार शोधायचे आहेत, कपडे मिळवायचे आहेत. पुढे जामीन अर्जात "यातलं सगळं होऊन गेलंय, आता आत ठेवून काय साधणार?" हे विचारता येतं ते याच कागदाच्या आधारावर.

वकिलाची फी परवडत नसेल तर थांबू नका. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. हेल्पलाइन आहे १५१००.

कोणत्या कोर्टात जायचं

कोर्टात दोन शब्द कानावर पडतील, पीसीआर आणि एमसीआर. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, अर्थात जेल. नियमित जामिनाचा अर्ज सहसा एमसीआर झाल्यावर करतात.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुन्या वकिलांच्या तोंडी अजून ४३७, ४३८, ४३९ हेच आकडे असतात. नव्या संहितेत ते अनुक्रमे ४८०, ४८२ आणि ४८३ झाले आहेत. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात आरोपी दोषी असल्याचं मानायला सकृतदर्शनी कारण असेल तर मॅजिस्ट्रेटने जामीन द्यायचा नाही, असं कलम ४८० सांगतं. स्त्री, बालक, आजारी किंवा अशक्त व्यक्ती यांच्यापुरती सवलत त्यात आहे. त्यामुळे खुनासारख्या प्रकरणात मॅजिस्ट्रेटकडे वेळ घालवण्यात फारसा अर्थ नसतो. सरळ सेशन्स कोर्टात कलम ४८३ खाली अर्ज करतात. आरोपी १८ वर्षांखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. तिथले निकष पूर्ण वेगळे आहेत, त्यात इथे शिरत नाही.

अटक अजून झालेली नसेल तर अटकपूर्व जामीन, म्हणजे कलम ४८२. मात्र मोक्का आणि यूएपीए (दहशतवाद आणि बेकायदा कारवायांविरुद्धचा कायदा) यांमध्ये तो मिळत नाही. १६ वर्षांखालच्या मुलीवरचा बलात्कार आणि १८ वर्षांखालच्या मुलीवरचा सामूहिक बलात्कार या आरोपांतही कायद्याने तो बंद केला आहे. ॲट्रॉसिटी कायद्यातही मनाई आहे, पण एफआयआर वाचून गुन्हा सकृतदर्शनी बनतच नसेल तर कोर्टाला दार थोडं उघडता येतं.

घरातल्या कॅलेंडरवर खूण करा

हे सगळ्यांत सोपं काम आहे आणि सगळ्यांत जास्त वेळा हेच राहून जातं. पोलिसांनी ठरलेल्या दिवसांत दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल केलं नाही, तर आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क तयार होतो. याला डिफॉल्ट बेल म्हणतात. गुन्हा किती भयंकर, पुरावा किती भक्कम, हे इथे कोर्टाने बघायचंच नसतं. फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवसांची आहे, बाकीच्यांत ६० दिवसांची.

मोजणी अटकेपासून होत नाही. मॅजिस्ट्रेटने ज्या दिवशी पहिल्यांदा कोठडी दिली तो दिवस पहिला धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कपिल वाधवान प्रकरणात पक्कं केलं. म्हणजे पहिला रिमांड १ मार्चला झाला असेल तर मार्चचे ३१, एप्रिलचे ३० आणि मेचे २९ मिळून २९ मे हा नव्वदावा दिवस. तोवर दोषारोपपत्र आलं नाही तर ३० मेला कोर्ट उघडताच अर्ज पडला पाहिजे. त्या दिवशी दुपारी दोषारोपपत्र आलं आणि तुमचा अर्ज सकाळी दाखल झालेला असेल, तर हक्क तुमचा. अर्ज संध्याकाळी केला तर हक्क गेला. शिक्षेच्या मर्यादेबद्दल शंका असेल तर ६१ व्या दिवशीही अर्ज करून बघावा. मॅजिस्ट्रेट फार तर तो फेटाळेल.

विशेष कायद्यांत ही मुदत वाढते. मोक्का आणि यूएपीएमध्ये सरकारी वकिलाच्या अहवालावर १८० दिवसांपर्यंत. एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, व्यावसायिक प्रमाणाच्या (ठरावीक वजनापुढच्या मालाच्या) प्रकरणात मुळातच १८० दिवस आणि कारणं देऊन एक वर्षापर्यंत. मुदतवाढीचा अर्ज आल्यावर आरोपीला हजर ठेवून ते सांगावं लागतं. म्हणून त्या तारखेला वकील हजर हवाच.

अर्ज आत्ता की दोषारोपपत्रानंतर?

घरच्यांना उद्याच अर्ज हवा असतो. मला ते समजतं. पण खुनाच्या प्रकरणात तपास चालू असताना केलेला अर्ज बहुतेक वेळा "तपास प्राथमिक टप्प्यात आहे" या एका ओळीवर पडतो. शिवाय फेटाळल्याचा आदेश कायम फाइलला राहतो. पुढच्या प्रत्येक अर्जात आधीच्या सगळ्या अर्जांची माहिती द्यावीच लागते. २०२४ मध्ये कुशा दुरुका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सक्तीचं केलं. लपवाल तर मिळालेला जामीनही जाऊ शकतो.

म्हणून माझा स्वतःचा आडाखा असा आहे. आरोपीचं नाव एफआयआरमध्ये नाही, तो घटनेच्या वेळी दुसरीकडे असल्याचा ठोस पुरावा आहे, ती बाळंतीण आहे किंवा तो गंभीर आजारी आहे, अशा वेळी वाट बघू नये. बाकीच्यांत दोषारोपपत्र हातात येऊ द्यावं. ते आलं की साक्षीदारांचे जबाब, पंचनामे, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट हे सगळं दिसतं. पोलिसांच्या हातात नेमकं काय आहे, हे कळल्याशिवाय नेमका अर्ज लिहिता येत नाही. तपास संपणं ही बदललेली परिस्थितीही मानली जाते. त्यामुळे आधीचा अर्ज फेटाळलेला असला तरी नवा करता येतो.

अर्ज दाखल झाला की त्याची प्रत सरकारी वकिलाकडे जाते. कोर्ट तपासी अंमलदाराचं लेखी म्हणणं मागवतं, आपल्याकडे सगळे त्याला "से" म्हणतात. "से आला नाही" म्हणून तारीख पडते आणि घरचे हवालदिल होतात. जामीन अर्ज साधारण दोन आठवड्यांत आणि अटकपूर्व जामीन अर्ज सहा आठवड्यांत निकाली काढावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या सतेंदरकुमार अंतिल निकालात सांगितलं आहे. सलग दोन तारखा से न येताच गेल्या तर वकिलाने हा निकाल कोर्टापुढे ठेवायला संकोच करू नये.

न्यायाधीश फाइलमध्ये काय शोधतात

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये प्रशांतकुमार सरकार प्रकरणात आठ गोष्टी मोजून दिल्या. सकृतदर्शनी पुरावा आहे का, आरोप किती गंभीर, शिक्षा किती कडक, आरोपी पळून जाईल का, त्याचं चारित्र्य आणि समाजातलं स्थान काय, गुन्हा पुन्हा करेल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का आणि जामिनाने न्यायालाच धक्का बसेल का. वकिलांना ही यादी पाठ असते. पण यादी वाचून जामीन मिळत नाही. ती एका प्रकरणाला लावून बघू.

समजा शेताच्या बांधावरून भांडण झालं. एका बाजूचे सात जण, दुसऱ्या बाजूचा एक मेला. एफआयआरमध्ये सातही नावं आहेत. एकाने कुऱ्हाड डोक्यात घातली, दोघांनी काठ्यांनी मारलं, एकाने धरून ठेवलं आणि उरलेल्या तिघांनी "शिवीगाळ करून चिथावणी दिली". बेकायदा जमावाचं कलम लागल्यामुळे सातही जणांवर खुनाचा आरोप आहे. कायद्याच्या पुस्तकात सगळे सारखे, जामिनाच्या टेबलावर तसं नसतं.

न्यायाधीश आधी पोस्टमॉर्टेम उघडतात. अंगावर जखमा किती, जीवघेणी कोणती? डोक्यावर एकच खोल घाव आणि अंगावर दोन वळ असतील, तर कुऱ्हाडवाल्याचा अर्ज जवळपास तिथेच अडतो. काठीवाल्यांच्या बाबतीत कोर्ट विचारेल: कोणत्या भागावर मारलं, काठी जप्त झाली का, तिच्यावर रक्त सापडलं का? मग साक्षीदारांचे जबाब. एफआयआरमध्ये "सर्वांनी मारहाण केली" एवढंच होतं आणि आठ दिवसांनी घेतलेल्या पुरवणी जबाबात प्रत्येकाच्या हातात वेगळं हत्यार आलं, तर वकिलाने दोन्ही जबाब शेजारी शेजारी ठेवून दाखवायचे. आवाज चढवायची गरज नाही. तारखाच पुरेसं बोलतात. मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर जबाब झालेला असेल तर तो मोडणं अवघड जातं, हेही लक्षात ठेवा. चिथावणीवाल्या तिघांत एक बासष्ट वर्षांची बाई असेल, तिच्या हातात काही नव्हतं, तिच्याकडून काही जप्त नाही, पूर्वीचा गुन्हा नाही, तर ती जामिनाच्या सगळ्यांत जवळ उभी असते.

इथे समानतेचा मुद्दा येतो. तिला जामीन मिळाला की उरलेल्या दोन चिथावणीवाल्यांनी त्या आदेशाची प्रत जोडून अर्ज करायचा: भूमिका तीच, मग वागणूकही तीच हवी. पण काठीवाल्याने तिचा आदेश दाखवून उपयोग नाही. समानता भूमिकेची लागते. एकाच एफआयआरमध्ये नाव आहे, एवढ्यावर ती मिळत नाही. कोर्टाने तिला वयामुळे आणि स्त्री म्हणून जामीन दिला असेल तर बाकी दोघांनाही त्याचा फायदा कमीच. म्हणून सहआरोपीच्या आदेशातली कारणं नीट वाचा.

एक गोष्ट मात्र कोर्ट करणार नाही. साक्षीदार खोटं बोलतोय की खरं, हे जामिनाच्या वेळी ठरवलं जात नाही. "तो आमचा जुना वैरी आहे" हे घरचे शंभर वेळा सांगतात. वैराचा कागद असेल, म्हणजे आधीची एनसी (पोलिसांतली अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), दिवाणी दावा, मोजणीचा वाद, तर जोडा. कागद नसेल तर तो मुद्दा खटल्यासाठी राखून ठेवलेला बरा.

पळून जाण्याच्या शंकेवर उत्तर कागदांनीच द्यायचं. सातबारा, घरपट्टीची पावती, रेशन कार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, नोकरीचं पत्र. हे गोळा करायचं काम घरच्यांचं आहे आणि ते अटकेच्या दुसऱ्याच दिवशी सुरू करावं. साक्षीदार त्याच गावातले असतील तर आपणहून लिहून द्या की खटला संपेपर्यंत आरोपी तालुक्याबाहेर अमुक नातेवाइकाकडे राहील, आणि त्या नातेवाइकाचं संमतिपत्र सोबत जोडा. कोर्टाच्या मनातली सगळ्यांत मोठी धास्ती साक्षीदारांबद्दल असते. तिला आधीच उत्तर दिलेलं असलं की न्यायाधीशांची लेखणी हलते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

पूर्वीचे गुन्हे लपवू नका. तपासी अंमलदाराच्या सेमध्ये त्यांची यादी येतेच. त्यात निर्दोष सुटलेले, तडजोड झालेले खटले असतील तर त्या निकालांच्या नकला काढून ठेवा.

मोक्का, एनडीपीएस, यूएपीए, पीएमएलए

या कायद्यांत पाट उलटा वाहतो. एनडीपीएसच्या व्यावसायिक प्रमाणाच्या प्रकरणांत, मोक्कात आणि पीएमएलएत (मनी लॉन्डरिंगविरुद्धच्या कायद्यात) दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही, असं कोर्टाचं समाधान व्हायला हवं. यूएपीएमध्ये पोलिसांचे कागद वाचून आरोप सकृतदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही.

म्हणून एनडीपीएसमध्ये पहिला प्रश्न वजनाचा. गांजा २० किलो, चरस १ किलो, हेरॉइन २५० ग्रॅम, एमडी (मेफेड्रोन) ५० ग्रॅम: हे व्यावसायिक प्रमाणाचे आकडे आहेत. १९ किलो गांजा आणि २१ किलो गांजा यांत जामिनाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. त्यामुळे पंचनाम्यातलं वजन पिशवीसकट आहे का, त्यात ओली पानं-देठ किती, नमुने कधी आणि कुणासमोर काढले, हे बारकाईने बघावं लागतं. झडतीच्या वेळचे नियम पाळले का, हेही. मोक्कात मागच्या १० वर्षांतली एकाहून जास्त दोषारोपपत्रं आणि उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी तपासायची. आरोपीचं टोळीशी नातं दाखवणारं कागदोपत्री काहीच नसेल तर तिथे फट सापडते. रणजितसिंग शर्मा प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या अटींचा अर्थ आरोपी पूर्ण निर्दोष असल्याची खात्री व्हावी असा घ्यायचा नाही. तसा घेतला तर जामीन कुणालाच मिळणार नाही. तो निकाल मोक्काच्या प्रत्येक अर्जात जोडलेला असतो.

वर्षं उलटली आणि खटला हलत नाही

अर्ज गुणवत्तेवर फेटाळला गेला, दोन वर्षं गेली, तीन गेली, आरोपसुद्धा ठेवले गेले नाहीत. अशा वेळी संविधानाच्या कलम २१ वर, म्हणजे खटला लवकर चालण्याच्या हक्कावर, जामीन मागता येतो. यूएपीएच्या एका केरळी प्रकरणात पाच वर्षांहून जास्त कोठडी आणि तपासायचे २७६ साक्षीदार हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये के. ए. नजीब याचा जामीन कायम ठेवला. जुलै २०२४ मध्ये जावेद गुलाम नबी शेख विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा मुंबईतला बनावट नोटांचा खटला आला. चार वर्षं कोठडी, आरोप निश्चित नाहीत, सरकार पक्षाला किमान ८० साक्षीदार तपासायचे होते. गुन्हा कितीही गंभीर असो, लवकर न्याय देता येत नसेल तर केवळ गांभीर्याच्या नावावर जामिनाला विरोध करू नये, असं तिथे कोर्टाने बजावलं. माझ्या मते, जेलात खितपत पडलेल्या माणसासाठी गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यांत मोलाची वाट आहे.

पण ती वाट आपोआप उघडत नाही. त्यासाठी रोजनाम्याच्या नकला काढा. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद. आरोपीला जेलातून आणलं नाही, साक्षीदार हजर नाही, सरकारी वकिलांनी मुदत मागितली, असं किती तारखांना झालं याचा तक्ता करून अर्जाला जोडा. आरोपीच्या वकिलानेच निम्म्या तारखा मागितल्या असतील तर हाच रोजनामा अंगावर येतो. म्हणून आज खटल्यात मुदत मागताना उद्याच्या अर्जाचा विचार करावा.

फाशी-जन्मठेपेचं कलम नसेल तर नव्या संहितेचं कलम ४७९ पण बघा. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पूर्वी शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर सुटकेचा मार्ग आहे. मात्र एकाहून जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर तो बंद होतो.

"जामीन मंजूर" ऐकल्यावर

घरी पेढे वाटायच्या आधी आदेशाची प्रत घ्या आणि अटी वाचा. साधारण शब्द असे असतात: "रु. ५०,००० चा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचे एक किंवा दोन जामीनदार." जातमुचलका आरोपीने स्वतः लिहून द्यायचा. जामीनदार म्हणजे आरोपी हजर राहिला नाही तर तेवढी रक्कम भरण्याची हमी घेणारा माणूस. त्याची ऐपत दाखवायला सातबारा, घराचे कागद किंवा पगारपत्रक लागतं. काही कोर्टं तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात. तो मिळायला दिवस जातात. म्हणून आदेशाच्या वेळीच वकिलाने तात्पुरती रोख रक्कम भरून सुटका आणि जामीनदार द्यायला चार-सहा आठवडे मुदत, अशी विनंती करून ठेवावी. बहुतेक कोर्टं ती मान्य करतात.

जामीनदार ओळखीचाच घ्या. कोर्टाच्या गेटवर पैसे घेऊन जामीनदार पुरवणारी माणसं भेटतील. कागद खोटे निघाले तर आरोपी परत आत जातो आणि नवा गुन्हा वर. जामीनदार होणाऱ्या मामाला-मेव्हण्यालाही स्पष्ट सांगा की सही कशावर करतोय. त्याने आधी आणखी कुणाची हमी घेतली असेल तर तेही कोर्टाला सांगावं लागतं.

रक्कम झेपत नसेल तर लाजू नका, अर्ज करा. १९७८ साली मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा एक गवंडी सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. त्याच्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाची हमी मॅजिस्ट्रेटने नाकारली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ते मोडून काढलं. आजही परजिल्ह्यातला जामीनदार नाकारला गेला तर हाच निकाल दाखवतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी सोय केली: आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने जेलला पाठवायची, सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने अटी सैल करण्याचा विचार करायचा. गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची मदत योजनाही आहे. तिचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणामार्फत होतो.

जेलच्या दारावर एक जामीनपेटी असते. सुटकेचा आदेश ठरलेल्या वेळेच्या आत तिच्यात पडला तर त्याच दिवशी माणूस बाहेर, नाहीतर आणखी एक रात्र आत. आदेश कोर्टातून कधी निघतो आणि जेलात कसा पोचतो, याचा माग एका माणसाने दिवसभर ठेवावा. दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यातही आरोपीची कोठडी चालू असेल तर तिथलाही जामीन झाल्याशिवाय दार उघडत नाही.

सेशन्सने नाकारला तर

मुंबई उच्च न्यायालयात जायचं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथे कामकाज चालतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. त्यामुळे सावंतवाडीच्या माणसाला आता मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही. उच्च न्यायालयात अर्ज बोर्डावर यायला वेळ लागतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकून तारीख स्वतः बघत राहा. न्यायाधीशांचा कल दिसून वकील "अर्ज मागे घेतो" म्हणाले, तर रागावू नका. विरोधी निरीक्षणं आदेशात येऊ न देता पुन्हा येण्याची मुभा राखायची ती रीत आहे.

तुम्ही फिर्यादीच्या बाजूचे असाल तर

ज्यांचा माणूस गेला, ज्यांच्या लेकीवर अत्याचार झाला, ती माणसंही त्याच व्हरांड्यात बसलेली असतात आणि त्यांना कुणी काही सांगत नाही. तुम्हालाही बोलायचा हक्क आहे. लखीमपूर खेरी प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पीडिताला तपासापासून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ऐकलं पाहिजे, आणि उच्च न्यायालयाने दिलेला जामीन रद्द केला. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला द्यावीच लागते. अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराच्या गंभीर कलमांत सुनावणीला फिर्यादी किंवा तिने नेमलेली व्यक्ती हजर असणं बंधनकारक आहे. वकिलामार्फत हस्तक्षेप अर्ज द्या आणि धमकी आली असेल तर तिची तारीख, वेळ, फोन नंबर लिहून द्या. "ते लोक वाईट आहेत" यापेक्षा एक लेखी तक्रार आणि तिची पोच जास्त वजनदार ठरते. जामीन झाल्यावर त्रास सुरू झाला तर तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली जिल्ह्याच्या पातळीवर संरक्षणही मागता येतं.

सुटल्यावर

अट असेल त्या दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी लावा आणि छोट्या वहीत तारीख-वेळ टाकून अंमलदाराची सही मागा. सही दिली नाही तर ठाण्याबाहेरून वकिलाला मेसेज पाठवून ठेवा, म्हणजे वेळेची नोंद राहते. साक्षीदार समोरून आला तर रस्ता बदला. त्याला नमस्कारही नको, दुसऱ्याकरवी निरोपही नको. गावाबाहेर राहायची अट असेल आणि घरात मयत झालं, लग्न निघालं, तर आधी कोर्टाची परवानगी काढा. तसा अर्ज एका दिवसातही होतो. आजारी पडून तारीख चुकणार असेल तर डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशी वकिलाच्या हातात पोचवा, कारण गैरहजेरीचं वॉरंट निघायला एक तारीख पुरते.